डोंगर धरून राहिलेली माणसं

मागच्या वेळी आपण शेळ्यांच्या विम्यावर बोललो, त्याच्या आधी गटाच्या वहीवर. आजचा विषय इतिहासाचा आहे. इतिहास म्हटलं की काही जणी रेडिओ बंद करून भाकरी टाकायला उठतात, ते आम्हाला माहीत आहे. भाकरी टाका, पण रेडिओ चालू राहू द्या.

झालं असं की धडगावकडच्या एका गटातून प्रश्न आला. वनपट्ट्याचा दावा करायचा आहे, तर जुना पुरावा मागतात. आमच्याकडे कागद नाही. आम्ही इथं कधीपासून आहोत ते कसं सांगायचं? प्रश्न पट्ट्याचा आहे, पण त्याच्या आत दुसरा मोठा प्रश्न आहे. सातपुड्याच्या या कड्याकपारीत भिल्ल, पावरा, वसावे, मावची अशी माणसं राहतात. ती इथं कशी आली, त्यांना कुणी ढकललं, आणि इतकं होऊनही ती उरली कशी? नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत शंभरातले सुमारे ६९ लोक आदिवासी निघाले. ही लहानसहान गोष्ट नाही. आम्हा सहयोगिनींमध्ये पावरा आहेत, वसावे आहेत, आणि खालच्या तापीकाठच्या गावच्याही आहेत. म्हणून हे सांगताना कुणाला बरं वाटेल आणि कुणाला टोचेल, दोन्ही आम्ही गृहीत धरलं आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. लोकांना वाटतं, आदिवासी म्हणजे पहिल्यापासून डोंगरातच राहणारा. तसं नव्हतं. जुन्या काळी खानदेशात सपाटीवरही भिल्लांची वस्ती होती. गावाची राखण भिल्ल जागल्याकडे असायची. डोंगरातल्या घाटवाटा भिल्ल नाईकांच्या ताब्यात असायच्या. व्यापाऱ्यांचे तांडे त्या वाटेने सुखरूप जावेत म्हणून नाईकाला हक्काचा पैसा मिळायचा, गावाकडून धान्य मिळायचं. म्हणजे तो कुणाच्या दयेवर जगणारा नव्हता, काम करून हक्क घेणारा होता.

मग पेशवाई उतरणीला लागली. होळकर आणि शिंदे आपसात लढत होते आणि त्यांच्या फौजा खानदेशातून जात होत्या. पेंढारी लुटत होते. १८०३-०४ साली मोठा दुष्काळ पडला. गावंच्या गावं ओस पडली. गावच नाही तर जागल्याला धान्य कोण देणार? तांडाच येत नाही तर घाटाचा हक्क कोण देणार? हक्क बुडाले तेव्हा भिल्लांनी लुटायला सुरुवात केली. लुटायला लागले म्हणून त्यांना चोर म्हटलं. आधी काय बुडालं आणि मग काय झालं, हा क्रम लक्षात ठेवा. पुस्तकात बऱ्याचदा तो उलटा लिहिलेला असतो.

त्या काळातली एक गोष्ट इंग्रजांनीच आपल्या गॅझेटियरमध्ये नोंदवून ठेवली आहे. पेशव्यांचा खानदेशातला सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने १८०४ साली भिल्लांना बोलणी करायची म्हणून कोपरगावला बोलावलं. ते आले. तिथे त्यांना दग्याने पकडलं आणि बहुतेकांना दोन विहिरींत टाकून मारलं. अशा कत्तली आणखीही झाल्या. इंग्रज येण्याच्या आधीच्या या गोष्टी आहेत. आम्ही मुद्दाम सांगतो, कारण सगळं पाप गोऱ्या साहेबाच्या माथी मारलं की आपण मोकळे होतो. तसं मोकळं होता येत नाही.

जे वाचले ते डोंगरात शिरले. डोंगराने त्यांना का वाचवलं हे समजायला तुम्हाला पुस्तक नको. वाट अरुंद, झाडी दाट, पावसाळ्यात ओढे भरले की कुणी वर येऊ शकत नाही. आणि ताप. सपाटीवरची फौज सातपुड्यात शिरली की हिवतापाने आजारी पडायची. ज्या तापाने आपली लेकरं नेली, त्याच तापाने फौजाही मागे फिरवल्या.

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या हातात आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज नावाचा अधिकारी इथे होता. पहिली काही वर्षं त्यांनी सरळ दांडगाई केली. घाट अडवायचे, डोंगरात जाणारं धान्य बंद करायचं, नाईकांना पकडायचं, काहींना फाशी द्यायची. जे शरण येतील त्यांना पेन्शन. एका भागात शांतता झाली की दुसरीकडे उठाव व्हायचा. धान्य बंद केल्यावर डोंगरातल्या घरात काय झालं असेल, ते कुठल्याही अहवालात लिहिलेलं नाही. पण पोरांना रात्री कण्या उकळून देणाऱ्या बाईला ते वेगळं सांगायला नको.

१८२५ साली सरकारने युक्ती बदलली. जेम्स आउट्राम नावाच्या तरुण अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. भिल्लांनाच पगार, भिल्लांनाच बंदूक, आणि भिल्लांनीच भिल्लांना धरून आणायचं. बाकीच्यांना जमीन, बैल, बियाणं आणि तगाई देऊन शेतीला बसवायचं. काही लेखक याचं फार कौतुक करतात. साहेब भिल्लांबरोबर शिकारीला जायचा, त्यांच्यात बसायचा, वगैरे. आमचं मत विचाराल तर या युक्तीत पोट भरायची सोय होती, हे खरं. पण घाटाचा जुना हक्क परत दिला नाही, त्याच्या जागी नोकरी दिली. नोकरी काढून घेता येते. आणि तगाईच्या पाठोपाठ सावकार गावात आला, तो काही परत गेला नाही.

नोकरी काढून घेतली की काय होतं, ते खाज्या नाईकाने दाखवलं. हा सेंधव्याच्या घाटाची राखण करायचा, सरकारचा पगारी माणूस. त्याच्या हातून एक कैदी मेला म्हणून त्याला शिक्षा झाली, नोकरी गेली. १८५७ चा उठाव पेटला तेव्हा तो आणि भीमा नाईक उठले. घाटात सरकारी खजिना लुटला, तो सात लाखांचा होता. पुढच्या वर्षी, ११ एप्रिल १८५८ ला, सातपुड्यात आंबापाणी इथे मोठी लढाई झाली. भिल्ल डोंगराच्या आडोशाने लढले, इंग्रजांचीही माणसं पडली. पण शेवटी बंदुका आणि तोफा जिंकल्या. हाती सापडलेल्यांपैकी अनेकांना तिथल्या तिथे चौकशीचं नाटक करून गोळ्या घातल्या. लढणाऱ्यांच्या बायका आणि मुलं धरून नेली.

इथे आम्ही जरा थांबतो. या सगळ्या कागदांत बाई शोधायला गेलं तर ती सापडते ती अशी, धरून नेलेल्यांत. नाव नाही, गाव नाही. नवरा शरण यावा म्हणून बायको धरायची, ही रीत होती. आंबापाणीच्या डोंगरात भाकरी कुणी पोचवली, जखमेवर कुठला पाला बांधला, पोरं घेऊन कुणी रात्रीची नदी ओलांडली, याची नोंद करणारा कारकून नव्हता. एक नाव मात्र निमाडाकडचे लोक अजून घेतात, भीमा नाईकाच्या आईचं, सुरसीचं. तिलाही धरलं आणि मंडलेश्वरच्या किल्ल्यात कैदेत तिचा अंत झाला, असं सांगतात. खाज्या नाईकाला १८६० मध्ये दग्याने मारलं. भीमा नाईक पुढे पकडला गेला, त्याला काळ्या पाण्यावर अंदमानला पाठवलं, तो तिथेच मेला.

लढाया संपल्या. यापुढचा छळ तलवारीचा नाही, कागदाचा आहे. आणि आम्हाला विचाराल तर तोच जास्त मुरला.

१८७८ साली जंगलाचा कायदा झाला. त्याने राखीव जंगल ठरवलं. त्याच्या आत शेत नांगरणं, गुरं चारणं, लाकूड तोडणं, डिंक काढणं, सगळं परवानगीशिवाय केलं तर गुन्हा. माणसं तीच, झाडं तीच, पायवाट तीच, फक्त एका सकाळपासून तिथे पाऊल टाकणारा चोर झाला. त्यातही विचार करा, जंगलात रोज कोण जातं? सरपणाला बाई जाते. मोहाची फुलं वेचायला पहाटे बाई जाते. चारोळी, पत्रावळीची पानं, कंदमुळं, भाजीपाला, औषधाचा पाला, हे सगळं बाईचं काम. म्हणजे कायद्याने सगळ्यात जास्त वेळा गुन्हेगार कुणाला केलं? हा हिशोब कुणी मांडलेला आम्ही वाचला नाही, पण मांडायला काही अवघड नाही.

काही गावांना जंगलाच्या आत राहू दिलं. त्यांना वनगाव म्हणायचे. अट अशी की जंगलखात्याचं काम करायचं. झाडं तोडायची, जाळरेषा काढायची, वणवा विझवायचा, साहेब आला की ओझं उचलायचं. त्याच्या बदल्यात जमीन कसायची, पण जमीन नावावर नाही. वनगावाला सातबारा नसे. सातबारा नाही म्हणून सोसायटीचं कर्ज नाही. कर्ज नाही म्हणून सावकार. आज गटात आपण दोन टक्क्यांनी अंतर्गत कर्ज देतो तेव्हा काही म्हाताऱ्या बाया हात जोडतात, त्याच्या मागे एवढं सगळं आहे.

त्याच वर्षी, १८७८ ला, मुंबई इलाख्यात अबकारीचा कायदा आला. मोहाची दारू घरी गाळायला बंदी. ठेकेदाराच्या दुकानातून विकत घ्यायची. पूर्वी देवाला धार टाकण्यापुरती, सणाला, लग्नाला गाळली जायची, ती आता रोकड पैसे देऊन, उधारीवर, जमिनीच्या बदल्यात मिळायला लागली. दारूने आदिवासी बुडाला असं लोक म्हणतात. खरं आहे. पण बुडवणाऱ्या दुकानाला परवाना कुणी दिला होता, तेही म्हणत जा.

सपाटीवर राहिलेल्या भिल्लांचं आणखी वाईट झालं. तापीकाठची काळी जमीन हळूहळू सावकाराकडे आणि मोठ्या शेतकऱ्याकडे गेली. ज्याचं शेत होतं तोच त्या शेतात सालदार झाला. सालभराचं आगाऊ घेतलेलं फिटत नाही म्हणून दुसरं साल, तिसरं साल. १९७० च्या सुमारास शहादा, तळोदा भागात पिकं राखायला पीक संरक्षण सोसायट्या होत्या. त्यांचे राखणदार बांधावरचं गवत कापणाऱ्या, शेतात पडलेला दाणा वेचणाऱ्या बाईला धरायचे. दंड, मार, आणि जे आम्ही रेडिओवर बोलत नाही ते. खालच्या गावच्या आमच्या मैत्रिणींनी हे ऐकून मान खाली घालायची गरज नाही. तुम्ही तेव्हा जन्मलेल्याही नव्हता. पण घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, त्यांना आठवतं.

आता मुख्य गोष्ट. एवढं होऊन माणसं उरली कशी? आमचं उत्तर एका वाक्यात मावत नाही.

एक तर धान्य. डोंगरातल्या शेतात एकच पीक कधी नसतं. ज्वारी, मका, तूर, उडीद, भगर, मध्ये भोपळा आणि काकडी. एक गेलं तर दुसरं हाताला लागतं. बी राखेत घोळून, बांबूच्या कणगीत, वरून शेणाने लिंपून ठेवायचं. हे काम बाईचं. घरात उपास पडला तरी बियाणाच्या कणगीला हात लावायचा नाही, ही शिस्त सासूने सुनेला दिलेली. मोहाची वाळवलेली फुलं पावसाळ्याच्या तंगीत शिजवून खायची. सरकारने रसद तोडली तरी डोंगराला स्वतःची रसद होती, ती अशी. आणि तिला देवत्व दिलं होतं. महाशिवरात्रीला देवमोगऱ्याच्या जत्रेला बाया नव्या टोपलीत धान्य घेऊन जातात, ती याहा मोगी ही अन्नाची आई आहे. काहीजण हिणवतात, हे अडाणी, दगडापुढे धान्य ठेवतात. दुष्काळ पाहिलेल्या माणसांनी धान्याला आई म्हणणं यात अडाणीपणा कुठला?

दुसरं, एकमेकांचं काम. ज्याला लाह म्हणतात ते. तुझ्या घराचं छप्पर घालायला सगळं गाव येईल, तू जेवण दे. उद्या माझ्या शेतात तू ये. पैसा लागत नाही. ज्या समाजाकडून पैसा वारंवार काढून घेतला गेला, त्याने पैशावाचून चालणारी रीत जपली. आपला बचत गट हा नवा शोध आहे असं प्रशिक्षणात सांगतात, तेव्हा आम्ही मनातल्या मनात हसतो. वही नवीन आहे, बाकी जुनंच.

तिसरं, भाषा. पावरी, देहवाली भिली, मावची या बोलींत गायणं आहेत. रात्र रात्र चालणारी, ऐकून ऐकून पाठ झालेली. डोंगर कसा झाला, धान्य कसं आलं, कुठल्या गावचा पूर्वज कुठून आला, सगळं त्यात. लिहिलेला इतिहास दुसऱ्याच्या हातात होता, म्हणून आपला त्यांनी तोंडात ठेवला.

आणि चौथं, ते वेळोवेळी उठले. फक्त तीरकामठा घेऊन नाही. १९३० च्या दशकात गुलाम महाराजांनी आणि त्यांच्यामागे रामदास महाराजांनी आप पंथ उभा केला. एकमेकांना भेटलं की 'आप' म्हणायचं, म्हणजे सगळे सारखे. दारू सोडायची, रोज अंघोळ करायची, आरतीला जमायचं. हजारोंनी लोक जमायला लागले आणि दारू खपेना, तेव्हा ठेकेदार आणि जमीनदार घाबरले. नुसती दारू सोडली तरी कुणाच्या पोटात दुखतं, हे त्या वेळी दिसलं.

मग १९७१-७२. दुष्काळाचे दिवस, शहाद्याजवळ पाटीलवाडीला गोळीबार झाला, त्यात आदिवासी मजूर गेला. त्यानंतर अंबरसिंग सुरतवंती आणि बाहेरून आलेले तरुण कार्यकर्ते एकत्र आले, १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग स्वतः भिल्ल होते, भजनं म्हणायचे, लोक त्यांना महाराज म्हणायचे. १९७४ मध्ये ते गेले, फार लवकर गेले. संघटनेने सावकाराकडे गेलेल्या जमिनी सोडवल्या, सालदाराची मजुरी वाढवली. हे पुस्तकात आहे. पुस्तकात थोडं कमी आहे ते असं की बायांचं शिबिर भरलं, तेव्हा बायांनी मजुरीबरोबर दुसराच विषय काढला. नवरा पिऊन येतो आणि मारतो. शिबिरातून उठून त्या गावात गेल्या, दारूचे मडके फोडले, मारणाऱ्या नवऱ्याला चारचौघांत माफी मागायला लावली. मग एका गावाचं बघून दुसऱ्या गावाने केलं. ही १९७२-७३ ची गोष्ट आहे. तेव्हा आपल्या भागात बचत गट, महिला सभा, हेल्पलाइन काही नव्हतं. ज्या बाया अंगठा लावायच्या, त्यांनी केलं.

इथे कडू गोष्टही सांगायला हवी, नाहीतर आम्ही खोटं बोलल्यासारखं होईल. ज्या समाजाचा इतका छळ झाला, त्यानेही आपल्यातल्या बाईचा छळ केला आहे. डाकीण ठरवून. पोर आजारी पडलं, गाय मेली, भगताने बोट दाखवलं की एखाद्या एकट्या बाईला मारहाण, गावाबाहेर, कधी जीव. जरा खोलात जाऊन पाहिलं तर बऱ्याचदा ती विधवा असते, तिच्याकडे तुकडाभर जमीन असते, आणि ती जमीन कुणालातरी हवी असते. २०१३ पासून महाराष्ट्रात याच्या विरोधात जादूटोणाविरोधी कायदा आहे. संस्कृती जपायची म्हणजे हेही जपायचं असं कुणी म्हणालं तर त्याला याहा मोगीचं नाव घेऊन विचारा, ती तर बाई होती ना?

आता नर्मदा. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं आली. १९७९ च्या लवादाच्या निवाड्यात लिहिलं होतं की जमीनधारक कुटुंबाला किमान दोन हेक्टर ओलिताची जमीन मिळेल आणि सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरला जाईल. मुलगा. मुलीचं नाव त्या वाक्यात नाही. पुढे भांडून भांडून थोडेफार बदल झाले, पण मूळ वाक्य तसं होतं, हे लक्षात राहू द्या. आणि ज्यांचा सातबाराच नव्हता, जे वनजमीन कसत होते, ते आधी 'अतिक्रमणदार' ठरले. दोनशे वर्षांपूर्वी ज्यांना ढकलून डोंगरात पाठवलं, त्यांनाच म्हणायचं की तुम्ही डोंगरात घुसलात.

मणिबेलीसारख्या गावांच्या बाया पाणी घरात येईपर्यंत हलल्या नाहीत. १९९३ मध्ये जागतिक बँकेला या धरणातून अंग काढून घ्यावं लागलं, त्यात या गावांच्या हट्टाचा वाटा आहे. धरण थांबलं नाही. २०१७ साली त्याचं लोकार्पण झालं. हरले म्हणायचं का? आमच्यातच यावर वाद आहे. एक जण म्हणते, गाव गेलं, देवाची जागा गेली, नदीची मासळी गेली, हरलेच. दुसरी म्हणते, भांडले म्हणून जमिनीच्या बदल्यात जमीन मिळाली, पैशावर भागवलं गेलं नाही, आणि चिमलखेडी, निमगव्हाणसारख्या ठिकाणी जीवनशाळा निघाल्या, जिथे पोरं आधी आपल्या बोलीत शिकली. दोघी बरोबर आहेत असं आम्हाला वाटतं. पुनर्वसनासाठी तळोद्याचं सुमारे ४,२०० हेक्टर जंगल मोकळं केलं, तिथे आधीच दुसरे आदिवासी कसत होते, त्यांची अडचण झाली, हेही त्यातच धरा. गरिबाची जागा दुसऱ्या गरिबाकडूनच काढायची, ही रीत जुनी आहे.

आता त्या प्रश्नाकडे येऊ. पुरावा.

२००६ साली वनहक्क कायदा झाला, २००८ पासून लागू झाला. त्याच्या सुरुवातीलाच सरकारने लिहून दिलं की या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी वनजमीन कसतो, त्याला कसत असेल तेवढी, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत, जमिनीचा हक्क मिळतो. तो विकता येत नाही, वारसाला जातो. आणि नवरा-बायको असतील तर पट्टा दोघांच्या नावावर निघतो. बाईचं नाव मेहरबानी म्हणून नाही, कायद्यात लिहिलंय म्हणून. पट्टा हातात आला की आधी आपलं नाव आहे का ते बघा, शुद्धलेखनासकट बघा. एका गावात बाईच्या नावाच्या जागी 'पत्नी' एवढंच छापून आलं होतं. बदलून घेतलं आम्ही.

दावा ग्रामसभेपुढे येतो. सभेला निम्मे लोक हवेत, आणि आलेल्यांत एक तृतीयांश बाया हव्यात. वनहक्क समितीतही एक तृतीयांश बाया. म्हणून तुमच्या घरी रजिस्टर आणून कुणी सही मागितली, तर सभा झाली का, कुठे झाली, हे विचारल्याशिवाय सही करू नका.

पुराव्याचं म्हणाल तर एकापेक्षा जास्त पुरावे लागतात, पण अमुकच कागद पाहिजे असं अडून बसता येत नाही, हे नियमातच आहे. जुनं गॅझेटियर चालतं, जनगणना चालते. शेतात घातलेला बांध, सपाट केलेली जमीन, जुनी विहीर, पुरण्याची जागा, देवाची जागा, हे सगळं पुरावा आहे. आणि फॉरेस्टच्या दंडाच्या पावत्या. ज्या पावतीने तुमच्या सासऱ्याला चोर ठरवलं, तीच आता सांगते की तो १९८० साली, ८५ साली याच शेतात होता. आमच्या ओळखीच्या एका आजीने अशा पावत्या पत्र्याच्या डब्यात, मिरच्यांच्या खाली ठेवल्या होत्या. मुलगा म्हणायचा, फेकून दे, अपमानाचे कागद आहेत. तिने फेकले नाहीत. 'पैसे दिलेत, कागद का टाकू?' म्हणाली.

कागद अजिबात नसेल तर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो. दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा. म्हाताऱ्या बाईचाही चालतो, हे मुद्दाम सांगतो, कारण जबाब घ्यायला आलेले लोक अंगणात बसलेल्या म्हाताऱ्यालाच विचारतात आणि आतल्या म्हातारीला चहा ठेवायला सांगतात.

हे का तातडीचं, तेही ऐका. २०१९ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना जमिनीवरून काढायचा आदेश दिला होता. पंधरा दिवसांत त्याला स्थगिती मिळाली. स्थगिती म्हणजे निकाल नव्हे. दावा फेटाळला असेल तर फेटाळल्याचं लेखी कारण मागा आणि साठ दिवसांत वरच्या समितीकडे अर्ज करा. तोंडी 'तुमचं होत नाही' याला काही अर्थ नाही.

जबाब घ्यायला बसलात की म्हातारीला 'कोणत्या साली' असं विचारू नका, ती गप्प होईल. तुझं लग्न झालं तेव्हा या शेतात काय पेरलं होतं, असं विचारा. मोठा मुलगा पोटात होता तेव्हा पाणी कुठून आणायचीस? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलीस तेव्हा शेत कुणी राखलं? कुठल्या झाडाखाली कुणाला पुरलं? ती एकेक सांगत जाईल, तुम्ही साल शेजारी लिहा. आधी तिच्या बोलीत लिहा, मग मराठीत. खाली तिचा अंगठा, दोन साक्षीदार, तारीख. झेरॉक्स काढून एक प्रत गटाच्या पेटीत ठेवा.